कॅन्सरच्या गाठीला रक्त कोण पुरवते? रक्तात फिरणाऱ्या स्टेम सेल आणि नव्या रक्तवाहिन्या

तपासणी झाली, औषधांची चिठ्ठी हातात पडली, आणि खुर्चीतून उठता उठता नातेवाईक जो प्रश्न विचारतात, तोच बहुतेक वेळा त्यांची झोप उडवणारा प्रश्न असतो. अलीकडे तो पुष्कळदा असा असतो: "डॉक्टर, मोबाईलवर वाचलं की बोन मॅरोमधल्या स्टेम सेल कॅन्सरच्या गाठीला रक्तवाहिन्या तयार करून देतात. मग केमोनंतर बाबांना तुम्ही पांढऱ्या पेशी वाढवायचं जे इंजेक्शन देता, ते तर मॅरोलाच जोर देतं. म्हणजे आपणच गाठीला खतपाणी घालतोय का?"

प्रश्न हुशारीचा आहे, आणि 'तसं काही नसतं हो' म्हणून उडवून लावण्याजोगा नाही. त्यामागे पंचवीसएक वर्षांचे संशोधन आहे, त्यातले बरेचसे पुढे दुरुस्त झाले आहे, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या लेखांत ही दुरुस्ती सहसा पोहोचत नाही. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ. इंजेक्शनचे उत्तर शेवटी येईलच, पण घाईत असाल तर आत्ताच सांगतो: ते इंजेक्शन बंद करू नका.

गाठीला रक्ताची गरज का पडते?

शरीरातल्या कोणत्याही पेशीला जगायला ऑक्सिजन लागतो. सर्वांत बारीक रक्तवाहिनीतून बाहेर पडलेला ऑक्सिजन साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरपर्यंतच पोहोचतो. त्यापलीकडच्या पेशी उपाशी राहतात. त्यामुळे कॅन्सरच्या पेशींचा पुंजका एक-दोन मिलिमीटरचा झाला की त्याची वाढ अडते. डॉ. जुडा फोकमन या बोस्टनच्या सर्जननी १९७१ साली हा विचार मांडला: गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळाल्याशिवाय ती मोठी होऊ शकत नाही, तेव्हा त्या वाहिन्यांची वाढ रोखणे हाच एक उपचार ठरू शकेल. त्या वेळी फार थोड्यांनी हे मनावर घेतले. आज कॅन्सरच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हे वाचायला मिळते.

गाठ या वाहिन्या मिळवते कशा? उपाशी पेशी एक रासायनिक हाक देतात. त्यातले सर्वांत महत्त्वाचे प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. ते शेजारच्या चांगल्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचले की तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी विभागू लागतात आणि गाठीच्या दिशेने नवा फाटा फुटतो. मुख्य जलवाहिनीला रात्रीतून जोडलेल्या चोरट्या नळासारखाच हा प्रकार. आणि चोरट्या नळजोडणीसारखेच हे कामही कच्चे असते. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या, ठिकठिकाणी गळक्या, कुठे फुगलेल्या तर कुठे मध्येच बंद झालेल्या असतात. त्यामुळे गाठीच्या आत दाब वाढतो, आणि सलाईनमधून दिलेले केमोचे औषधसुद्धा सगळीकडे सारखे पोहोचत नाही. मोठ्या गाठींवर औषधाचा परिणाम असमान का दिसतो, याचे एक कारण हे आहे.

शेजारच्या वाहिनीला फुटणारा फाटा, एवढाच मार्ग बरीच वर्षे माहीत होता. नव्या वाहिनीसाठी लागणाऱ्या पेशी जागेवरच तयार होतात, असे सगळे मानत होते.

रक्तातून येणाऱ्या पेशींची गोष्ट

१९९७ साली ताकायुकी असाहारा आणि जेफ्री इस्नर यांच्या बोस्टनमधल्या गटाने एक वेगळीच गोष्ट दाखवली. प्रौढ माणसाच्या रक्तात अगदी थोड्या प्रमाणात अशा पेशी सापडल्या, ज्या प्रयोगशाळेत वाढवल्यावर रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींसारख्या दिसू लागल्या. प्राण्यांच्या शरीरात सोडल्यावर त्या रक्तपुरवठा कमी पडलेल्या ठिकाणी जाऊन बसल्या. या पेशी बोन मॅरोमधून, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातून येतात, असे मानले गेले. त्यांना अस्तराच्या पूर्वपेशी म्हणू. पूर्ण स्टेम सेल नव्हेत, पण त्यांच्याच वंशातल्या आणि पुढे काय व्हायचे हे अर्धेअधिक ठरलेल्या.

हृदयविकाराच्या डॉक्टरांना यात आशा दिसली: झटक्यानंतर हृदयाला नव्या वाहिन्या मिळतील का? कॅन्सरच्या डॉक्टरांना मात्र काळजी वाटली. जखमेच्या हाकेला ओ देऊन येणाऱ्या पेशी गाठीच्या हाकेलाही ओ देतील. गाठ तर सतत हाका मारतच असते.

काळजी खरी ठरतेय असे २००१ मध्ये वाटले. डेव्हिड लायडन, शाहीन रफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये अशा उंदरांवर काम केले, ज्यांच्यात जनुकांच्या दोषामुळे नव्या वाहिन्या नीट तयार होत नव्हत्या. या उंदरांना कॅन्सरच्या पेशी टोचल्या तरी गाठी वाढत नसत. मग त्यांना निरोगी उंदरांचा बोन मॅरो दिला. गाठींना वाहिन्या फुटल्या आणि गाठी वाढू लागल्या. बाकी सगळे शरीर तेच होते, फक्त मॅरो बदलला होता.

प्रयोग सुंदर होता, आणि मोबाईलवर आजही फिरणारे वाक्य बहुधा इथूनच निघाले आहे. पण उंदराच्या पाठीवर टोचलेली, दोन-तीन आठवड्यांत फुगणारी गाठ वेगळी, आणि माणसाच्या आतड्यात किंवा स्तनात कित्येक वर्षे हळूहळू वाढलेली गाठ वेगळी. हा फरक तुम्ही कॅन्सरची कोणतीही बातमी वाचताना लक्षात ठेवा. 'उंदरांमध्ये' हा शब्द बातमीत बहुतेक वेळा तिसऱ्या परिच्छेदात लपलेला असतो.

माणसांत हे तपासायचे कसे?

जिवंत माणसाच्या गाठीतली अमुक पेशी मॅरोतून आली की शेजारच्या वाहिनीतून, हे ओळखणार कसे? दोन्हींवर पाटी लावलेली नसते. पण काही रुग्णांच्या बाबतीत निसर्गाने आणि उपचारांनी मिळून ती पाटी लावून ठेवली होती.

ज्यांना पूर्वी ल्युकेमियासारख्या आजारासाठी दुसऱ्या व्यक्तीचा बोन मॅरो द्यावा लागला, अशा रुग्णांचा विचार करा. समजा, एका बाईंना त्यांच्या भावाचा मॅरो दिला. त्यांचे यकृत, त्वचा, आतडे सगळे स्त्रीचे, म्हणजे प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे. पण रक्त मात्र भावाच्या मॅरोतून तयार होणारे, त्यातल्या पेशींत एक एक्स आणि एक वाय. पुढे दुर्दैवाने त्यांना वेगळा कॅन्सर झाला आणि गाठ काढली, तर त्या गाठीच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात वाय गुणसूत्र असलेल्या पेशी किती, हे मोजता येते. वाय दिसला, तर ती पेशी भावाच्या मॅरोतून रक्तामार्गे तिथवर आली.

२००५ मध्ये अशा सहा रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. अस्तराच्या पेशींपैकी सरासरी ४.९ टक्के पेशी दात्याच्या निघाल्या. कॅन्सरच्या प्रकारानुसार हे प्रमाण साधारण १ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान होते.

या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी बघा. शून्य नाही, म्हणजे अशा पेशी माणसाच्या गाठीत जाऊन बसू शकतात हे खरे. पण वीसपैकी साधारण एक. उरलेल्या एकोणीस पेशी रुग्णाच्या स्वतःच्या, बहुतांश जवळच्या वाहिन्यांतूनच फुटलेल्या. शिवाय रुग्ण फक्त सहा, आणि सगळे आधी मोठ्या उपचारांतून गेलेले. यावरून प्रत्येक कॅन्सरबद्दल निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

नंतर वाद झाला, आणि तो उपयोगी ठरला

२००८ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी उंदरांच्या मॅरोतल्या पेशींना चमकणारी खूण केली आणि अनेक प्रकारच्या गाठी तपासल्या. खूण असलेल्या पेशी गाठीत भरपूर दिसल्या, पण त्या वाहिन्यांच्या अस्तरात नव्हत्या, अस्तराला खेटून बाहेर होत्या. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन चपट्या पेशी एकमेकींना चिकटून असल्या की आतली कोणती आणि बाहेरची कोणती हे कळणे अवघड असते. आधीच्या काही अभ्यासांत इथेच गफलत झाली असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याच सुमारास दुसरी अडचण पुढे आली. रक्तातून काढून 'अस्तराच्या पूर्वपेशी' म्हणून वाढवल्या जाणाऱ्या बऱ्याचशा पेशी प्रत्यक्षात मोनोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, किंवा त्यांच्या जवळच्या नात्यातल्या निघाल्या. प्रयोगशाळेत ठराविक द्रवात वाढवल्यावर त्या अस्तराच्या पेशींची काही लक्षणे दाखवत. खरोखर वाहिनी बांधू शकणाऱ्या पेशी रक्तात सापडतात, पण अत्यंत विरळ. त्यामुळे जुन्या अहवालांत 'स्टेम सेल' असे लिहिले असले, तरी नेमक्या कोणत्या पेशी मोजल्या हे प्रत्येक वेळी विचारावे लागते.

इटलीत मिलानच्या गटाने मोनोसाइटचा एक विशिष्ट प्रकार दाखवला, जो गाठीत जातो, वाहिन्यांच्या कडेला बसतो आणि तिथून वाढीचे संदेश सोडतो. उंदरांत या पेशी काढून टाकल्यावर गाठीच्या वाहिन्यांची वाढ मंदावली. स्वतः भिंतीत एकही वीट न बसता त्या काम पुढे नेत होत्या. बांधकामावर गवंडी आणि मुकादम यांत जो फरक, तोच इथे. मॅरोतून आलेल्या बहुतेक पेशी मुकादमाचे काम करतात, गवंड्याचे काम क्वचितच. आज बहुतेक संशोधक इथवर सहमत आहेत. प्रत्यक्ष अस्तर बनणाऱ्या पेशी किती, यावर मात्र मतभेद मिटलेले नाहीत, आणि गाठीच्या प्रकाराप्रमाणे उत्तर वेगळे असण्याचीही शक्यता आहे.

केमोचा याच्याशी काय संबंध?

माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

नेहमीची केमो जास्तीत जास्त सोसवेल इतक्या मात्रेत देतात आणि मग शरीर सावरायला दोन-तीन आठवडे थांबतात. या विश्रांतीत मॅरो झपाट्याने कामाला लागतो आणि नव्या पेशी रक्तात सोडतो. तुमचे काउंट आधी पडतात आणि मग वर येतात, ते यामुळेच. २००३ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसले की मोठ्या मात्रेच्या केमोनंतर काही दिवसांत रक्तातल्या पूर्वपेशींचीही लाट येते. तेच औषध कमी मात्रेत, खंड न पाडता दिले तर ही लाट येत नाही, उलट या पेशी कमी होतात. पुढे टोरंटोच्या गटाने दाखवले की ही लाट सगळ्या औषधांनी येत नाही. पॅक्लिटॅक्सेलसारख्या काहींनी येते, तर काहींनी नाही.

कमी मात्रेत, ठरलेल्या लयीत, सलग औषध देण्याच्या पद्धतीला मेट्रोनॉमिक केमोथेरपी म्हणतात. संगीताचा सराव करताना ठोके देणारे यंत्र असते, त्यावरून हे नाव. या पद्धतीत मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे काम जगभर वाचले जाते. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचे आणि घशाचे कॅन्सर किती आहेत, हे सांगायला नको. त्यातल्या पुष्कळ रुग्णांचा आजार इतका पुढे गेलेला असतो की तो पूर्ण बरा करणे शक्य नसते. अशा ४२२ रुग्णांवरच्या अभ्यासात निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनची सलाईन दिली, तर निम्म्यांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्या. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षात गोळ्यांच्या गटाचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने आणि सलाईनच्या गटाचे ६.१ महिने होते. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. फरक काही आठवड्यांचाच आहे, हे मी लपवणार नाही. पण गावाहून दर वेळी मुंबईला येणे, भरती होणे, उलट्या, खर्च हे सगळे टळून घरी राहता येणे, याची किंमत त्या घरातल्या माणसांना विचारा.

या रुग्णांना फायदा पूर्वपेशींची लाट रोखल्यामुळे झाला, असे सिद्ध झालेले नाही. कमी मात्रेची केमो वाहिन्यांवर, प्रतिकारशक्तीवर आणि थेट गाठीवर अशा अनेक बाजूंनी काम करते. आणि याचा अर्थ नेहमीची केमो चुकीची, असा मुळीच नाही. जिथे आजार पूर्ण बरा होण्याची शक्यता आहे, तिथे ठरलेली पूर्ण मात्राच घ्यायची.

तुमच्या घरात कोणी या गोळ्यांवर असेल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: या उपचारातले मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचे असते. चुकून ते रोज घेतले गेले, तर तोंड सोलवटते, काउंट पडतात आणि जीवही जाऊ शकतो. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा आणि गोळ्या एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. तोंडात फोड आले किंवा ताप आला, तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा.

वाहिन्या रोखणारी औषधे

व्हीईजीएफला पकडून ठेवणारे बेवॅसिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मान्य झाले. केमोबरोबर दिल्यावर मध्यक आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले होते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र त्याचा आयुष्य वाढण्यासाठी उपयोग दिसला नाही, आणि २०११ मध्ये अमेरिकेने ती मान्यता काढून घेतली. म्हणून 'शेजारच्यांना दिलं, आम्हाला का नाही?' याचे उत्तर बहुतेक वेळा गाठ कुठली आहे यात असते. भारतात आता त्याची बायोसिमिलर रूपे मिळतात. आजीच्या डोळ्यात मधुमेहासाठी जे इंजेक्शन देतात, ते पुष्कळदा हेच औषध असते, फक्त अगदी थेंबभर. मूत्रपिंड, यकृत, थायरॉइडच्या काही कॅन्सरमध्ये याच मार्गावर काम करणाऱ्या गोळ्या देतात. रक्तातल्या पूर्वपेशीही व्हीईजीएफच्याच हाकेने येतात, त्यामुळे या औषधांचा काही परिणाम त्यांच्यावरही होतो.

औषध सुरू असताना घरी रक्तदाब मोजत राहा, कारण तो चढतो. लघवीत प्रथिने जातात का, ते अधूनमधून तपासावे लागते. जखमा भरायला वेळ लागतो, म्हणून ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर बेवॅसिझुमॅबचा शेवटचा डोस आणि शस्त्रक्रिया यांत किमान २८ दिवस सोडतात. दात काढायचा असला तरी आधी आम्हाला विचारा. अचानक पोटात तीव्र दुखणे, न थांबणारे रक्त, छातीत दुखणे, एका पायाला सूज, बोलणे अडखळणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आता तुमचे प्रश्न

रक्त तपासून या पेशी मोजता येतात का? संशोधनासाठी येतात. उपचार ठरवण्यासाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. कोणी अशी महागडी तपासणी सुचवली, तर 'तिचा निकाल काहीही आला तरी उपचारात काय बदल होईल?' एवढेच विचारा.

बोन मॅरो ट्रान्सप्लांट करायचा आहे, त्याने दुसरा कॅन्सर वाढेल का? ज्या रक्ताच्या आजारासाठी ट्रान्सप्लांट सांगितला आहे, तो आजारच समोरचा खरा धोका आहे. वर सांगितलेल्या सहा रुग्णांत दात्याच्या पेशींमुळे कॅन्सर झाला, असे कोणी म्हटलेले नाही. त्या पेशी फक्त तिथे सापडल्या. ट्रान्सप्लांटनंतर दुसऱ्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, पण त्यामागे आधीची केमो, रेडिएशन आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ही कारणे आहेत. म्हणून वर्षानुवर्षे तपासणीला बोलावतात.

स्टेम सेल टोचून कॅन्सर किंवा केमोचा अशक्तपणा बरा करणारे क्लिनिक? तिथे जाऊ नका. रक्ताच्या ठराविक आजारांतला ट्रान्सप्लांट सोडला, तर स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करू नये, असे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले, तर तिथून उठून या.

आणि ते इंजेक्शन. फिलग्रास्टिम किंवा पेगफिलग्रास्टिम मॅरोला चालना देते, हे खरे. उंदरांवरच्या काही प्रयोगांत अशा चालनेने गाठीच्या वाहिन्यांना मदत झाल्याचे दिसले, हेही खरे. पण माणसांचा अनुभव वेगळा आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीनऐवजी दोन आठवड्यांनी केमो देण्याची पद्धत याच इंजेक्शनच्या आधारावर उभी आहे, आणि त्या पद्धतीत आजार परत येण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमी झाले. गाठ पोसली गेली असती, तर आकडे उलट दिसले असते. काही अभ्यासांत या इंजेक्शनसोबत पुढे रक्ताचा कॅन्सर होण्याचा धोका थोडा वाढलेला आढळला, पण ज्यांना ते मिळते त्यांना केमोही जास्त मिळते, त्यामुळे दोष कोणाचा हे वेगळे काढणे कठीण आहे. दुसऱ्या पारड्यात पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना होणारा जंतुसंसर्ग आहे, आणि तो एका रात्रीत माणूस नेऊ शकतो.

तेव्हा इंजेक्शन सांगितलेल्या दिवशी घ्या. ते फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्यांची हाडे दुखतील, त्यासाठी कोणती गोळी चालेल ते आधीच विचारून ठेवा. आणि घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर घरी पॅरासिटामॉल देऊन उतरतोय का बघत बसू नका, त्याच तासाला निघा आणि रुग्णालयात पोहोचल्याबरोबर 'केमो चालू आहे' हे पहिले वाक्य बोला.